11 हजार लेखांसाठी इलास्टिकसर्च कशाला?

पाटावरवंटा: काल जाव्हाजीवी यांनी लिहिलं, "स्वतःच्या सर्व्हरवर सर्च बसवायचं तर इलास्टिक. बाकी सगळी खेळणी." इलास्टिक म्हणजे इलास्टिकसर्च, जाव्हावर चालणारं शोधाचं इंजिन. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण रात्रभर डोक्यात घुमत राहिलं, म्हणून वेगळा धागा.

माझ्याकडे जुन्या मासिकांतले 11 हजार लेख आहेत आणि भाड्याचा 2 जीबीचा सर्व्हर. अशाच एका जाणकाराच्या सांगण्यावरून इलास्टिक चढवलं. आधी ते मॅक्स-मॅप-काउंट ही मेमरीची सेटिंग 262144 करा म्हणून अडून बसलं. केलं. मग जाव्हाने निम्मी रॅम स्वतःच्या नावावर करून घेतली, आणि एका पहाटे मेमरी संपली म्हणून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) डेटाबेसचाच बळी दिला. शोध जिवंत, साइट गार.

बरं, एवढा हत्ती पोसून मिळालं काय? त्यात हिंदी अॅनालायझर (शब्दाची रूपं जुळवणारा भाग) आहे, बंगाली आहे, बास्क नि गॅलिशियनसुद्धा आहे. मराठी नाही! 'विहीर' टाका, 'विहिरीत' येत नाही. शेवटी पोस्टग्रेस डेटाबेसचं ट्रायग्राम एक्स्टेन्शन (शब्दांचे तीन-तीन अक्षरी तुकडे जुळवणारं) आणि माझं तीस ओळींचं साफसफाईचं फंक्शन. चाललंय मजेत.

जाव्हाजीवी: छोट्या हत्तीत पवनचक्कीचं पातं भरायचं, गाडी बसली की पात्याला शिव्या द्यायच्या. 2 जीबीत टाका असं मी कुठे म्हणालो?

आणि मराठीचं रडगाणं अर्धंच खरं आहे. हिंदीचा नॉर्मलायझर सुटा लावता येतो. तो ह्रस्व-दीर्घ एक करतो, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) काढतो, ऱ चा र करतो. हिंदीचे प्रत्यय छाटणारा स्टेमर तेवढा लावायचा नाही. पुढे एज एन-ग्राम (शब्दाच्या सुरुवातीचे तुकडे) जोडा, 'विहिरीत' सापडेल. तुमच्या तीस ओळी इलास्टिकच्या पोटातल्या ल्युसीनमध्ये कधीच्या लिहून ठेवल्यात. वाचायचे कष्ट नकोत, धागे मात्र काढायचे.

विहीरमालक: माझं छोटं दुकान आहे, हजारभर वस्तू. शोधासाठी मेलीसर्च घेऊ की टाइपसेन्स?

रात्रपाळी: टाइपसेन्स इंडेक्स (शोधाची सूची) रॅममध्ये ठेवतं, तेवढी रॅम मोजून घ्या. मेलीसर्च डिस्कवर ठेवतं. पण ज्याच्या नावातच 'मेली' आहे ते प्रॉडक्शनवर, म्हणजे चालत्या साइटवर, टाकायला माझा हात धजत नाही.

इलास्टिकवाल्यांनी परवान्याचंही बोलावं जरा. 2021 मध्ये अपाची हा ओपन सोर्स परवाना सोडला, अॅमेझॉनने जुन्या कोडचा फाटा फोडून ओपनसर्च काढलं, 2024 मध्ये एजीपीएल परवान्याचा पर्याय देऊन हे म्हणे पुन्हा ओपन सोर्स. कुणाच्या भरवशावर पाच वर्षांचं काम उभारायचं?

टंकलेखक_दुसरा: परवाने राहू द्या. मासिकं जुनी म्हणजे 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची ना? 'नाहीं', 'केलें', 'गांव', 'घरांत'. त्या अनुस्वारांचं काय केलंत?

पाटावरवंटा: शोधाच्या प्रतीतून सगळे उडवले. मूळ मजकूर जसाच्या तसा.

टंकलेखक_दुसरा: सगळे?! म्हणजे भांग शोधली की भाग येणार!

पाटावरवंटा: येतात. 'भाग दुसरा', 'भाग तिसरा', 'पुढील भाग पुढील अंकी'. हसा.

विहीरमालक: एवढं करण्यापेक्षा मूळ मजकूरच आजच्या नियमांनी शुद्ध करून टाका. 'नाहीं' वाचतंय कोण आता?

टंकलेखक_दुसरा: दस्तऐवज आहे तो, दिवाळीत रंगवायची भिंत नाही. माझी आजी शेवटपर्यंत पत्रात 'नाहीं' असंच लिहायची. कुणी तिची पत्रं 'शुद्ध' करून माझ्या हातात दिली तर मी फेकून मारीन.

विहीरमालक: तुझी आजी सर्व्हरचं बिल भरते का?

टंकलेखक_दुसरा: अरेतुरे कधीपासून? आणि आजीवर जायचं काम नाही.

रात्रपाळी: दोघंही चहा घेऊन या.

जाव्हाजीवी: शब्दाच्या शेवटचाच अनुस्वार काढला तर 'नाहीं', 'केलें' सुटतात, भांग शाबूत. 'गांव', 'पांच', 'नांव' यांची यादी हातानेच करावी लागेल. 'घरांत' मात्र सोडा, ते आजही अनेकवचन आहे. हे सगळं इंडेक्समध्ये शिरण्याआधीचं काम, त्यामुळे इंजिन कुठलंही असो. आणि हो, 11 हजार लेखांना पोस्टग्रेस पुरतं. घ्या, लिहून दिलं. 40 लाख वस्तू आणि डाव्या बाजूला दहा फिल्टर आले की बोलू.

पाटावरवंटा: फ्रेम करून लावतो. तुमच्या त्या हिंदी नॉर्मलायझरचे नियम रात्री वाचले. 'आनन्द'मधल्या न् चा अनुस्वार करून तो 'आनंद' जुळवतो, हे मला सुचलंच नव्हतं. उचललं. आता एकतीस ओळी झाल्या. आणि कबुली देतो: डेटाबेस आधी सी लोकेलवर (इंग्रजी अक्षरांपुरत्या भाषेच्या सेटिंगवर) बनवला होता, ट्रायग्रामला देवनागरी दिसतच नव्हती, दोन दिवस त्यात गेले.

जाव्हाजीवी: "चाललंय मजेत" म्हणालात ते हेच का?

टंकलेखक_दुसरा: यादी मी सुरू केली आहे. 'कोंकण' घेऊ का? माझ्या आजोळी अजून तसंच लिहितात.