शॉर्टस्टॉपसाठी लेदरचा ग्लोव्ह कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी परभणीहून लिहितेय. माझी लेक बेसबॉल खेळते, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहून चेंडू अडवायची जागा). आजवर रेक्झिनच्या ग्लोव्हवर भागवलं. मागच्या आठवड्यात जमिनीलगत जोराचा चेंडू आला, शिवण उसवली आणि मार थेट तळहातावर बसला. सुजलेला हात बघून ठरवलं, आता चांगलं लेदरच घ्यायचं.

इनफिल्डला, म्हणजे बेसजवळच्या खेळाडूंना, साधारण ११.२५ ते ११.७५ इंचांचा ग्लोव्ह चालतो आणि खळगा उथळ लागतो, म्हणजे चेंडू पटकन काढून फेकता येतो, एवढं कळलंय. इथला दुकानदार मात्र १२.५ इंची गळ्यात मारत होता. तो तर आउटफिल्डचा, म्हणजे लांब मागे उभ्या खेळाडूंचा!

पोरगी १४ वर्षांची, पंजा लहान, फेकते उजव्या हाताने. ११.२५ घेऊ की ११.५? स्टीअरहाइड (बैलाचं जाड लेदर) टिकतं, पण मऊ व्हायला वेळ घेतं, आणि स्पर्धा दीड महिन्यावर आलीय. किप लेदर (कमी वयाच्या जनावराचं) हलकं असतं म्हणतात, ते रोजच्या सरावाला पुरेल का?

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लेदर कडक पडतं, त्याला काय लावता? संभाजीनगर किंवा नांदेडला हातात घालून बघता येईल असं दुकान असेल तर नक्की सांगा. तिच्या हाताला बसतो की नाही हे बघितल्याशिवाय मला घ्यायचा नाही.