शब्दचर्चा : ‘खासगी तुरुंगांवर बंदी’

प्रश्न : कंपन्या चालवत असलेल्या तुरुंगांबाबत अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२१ मध्ये काढलेल्या आदेशावरचा लेख आहे. ‘प्रायव्हेटली ऑपरेटेड’साठी ‘खासगी मालकीचे तुरुंग’ चालेल का? मथळा ‘खासगी तुरुंगांवर बंदी’ असा योजला आहे.

▪ ‘मालकी’ काढाच. कॅलिफोर्नियात टाफ्टचा तुरुंग केंद्र सरकारच्या मालकीचा, पण १९९७ पासून कंपन्या चालवायच्या. त्याच राज्यात कॅलिफोर्निया सिटीला २०२४ पर्यंत नेमकं उलट होतं : इमारत कंपनीची, राज्याने २०१३ मध्ये भाड्याने घेतलेली, आतले पहारेकरी सरकारी. आदेशाचा रोख चालवणाऱ्यावर होता. म्हणून ‘कंपन्यांनी चालवलेले तुरुंग’.

▪ लांबलचक होतंय. ‘मक्त्याने दिलेले’ म्हटलं तर?

▪ मक्त्यात पैसा उलट वाहतो. जकातीचा मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरायचा; इथे सरकार कंपनीला कैद्यामागे रोजचा दर देतं. काही राज्यांच्या करारांत तर ८०, ९०, क्वचित १०० टक्के खाटांची हमी असते. खाट रिकामी राहिली तरी पैसे मोजायचेच. तेव्हा ‘कंत्राट’च बरं.

▪ खरा घोळ ‘बंदी’चा. ती बंदी म्हणजे मनाई, तो बंदी म्हणजे कैदी. आपल्या कारागृह खात्याच्या कागदांत ‘न्यायाधीन बंदी’, ‘सिद्धदोष बंदी’ असतातच. ‘खासगी तुरुंगांत बंदी कायम’ याचा अर्थ काय लावायचा?

शिवाय ती मनाई नव्हतीच. २६ जानेवारी २०२१ चा आदेश एवढंच सांगतो, की न्याय खात्याने अशा करारांचं नूतनीकरण करू नये. चालू करार मुदतीपर्यंत चालले. केंद्रीय तुरुंग विभागाचा शेवटचा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. राज्यांचे तुरुंग कक्षेबाहेर. स्थलांतरितांना ठेवतात ती ठिकाणंही बाहेर, कारण ती होमलँड सिक्युरिटी खात्याकडे आणि तिथली कोठडी फौजदारी नव्हे, दिवाणी. त्यांना ‘तुरुंग’ न म्हणता ‘स्थानबद्धता केंद्र’ म्हणा.

▪ आणि २० जानेवारी २०२५ ला तो आदेश ‘रद्दबातल ठरला’ असं लिहू नका, तसं न्यायालय ठरवतं. नव्या अध्यक्षांनी तो ‘मागे घेतला’. न्याय खात्याच्या २०१६ च्या ऑगस्टमधल्या तशाच सूचनेचंही फेब्रुवारी २०१७ मध्ये हेच झालं होतं.

▪ मथळा : ‘तुरुंग चालवणाऱ्या कंपन्यांच्या करारांचे नूतनीकरण नाही’. ‘खासगी’ की ‘खाजगी’? मूळ ‘खास’, म्हणून मी ‘खासगी’ लिहितो; दुसरंही रूढ आहे. एका लेखात दोन्ही नकोत.