शब्दचर्चा : ‘डिस्कायटिस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : पुण्यातल्या एका बालरुग्ण विभागासाठी पालकांकरिता पत्रक करते आहे. विषय, लहान मुलांच्या मणक्यातला जंतुसंसर्ग. ‘डिस्कायटिस’ला मी ‘चकतीदाह’ लिहिलं. वाचून दाखवल्यावर एका आईनं विचारलं, “म्हणजे पाठीत आग होते का?” दुसरा शब्द सुचवाल?

प्रतिसाद : ताई, ‘संधिदाह’च्या चालीवर ‘चकतीदाह’ बरोबरच आहे, पण पत्रकात नको. लोक ‘मणक्यातली गादी’ म्हणतात, तेच धरा : ‘मणक्याच्या गादीतला जंतुसंसर्ग’. लांबलचक आहे, पण कळतं. फक्त ‘गादी’ म्हटलं की पुढे ‘सरकली’ आपोआप येतं आणि पोराला चोळून घ्यायला नेतात. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा : गादी सरकलेली नाही, तिथे जंतू शिरलेत.

लक्षणं पालकांच्या बोलीत हवीत. ‘चालण्यास नकार’ कशाला? ‘पाय टाकत नाही’ लिहा. दीड वर्षाचं पोर पाठ दुखते असं सांगत नाही. लंगोट बदलताना पाय उचलले की कळवळतं. चेंडू घ्यायला वाकत नाही. पाठ ताठ ठेवून, मांडीवर हात रोवून खाली बसतं. ताप कित्येकदा नसतोच, हे ठळक छापा.

प्रतिसाद : ‘एक्स-रे नॉर्मल’ याचं मराठीत ‘काही झालेलं नाही’ होऊ देऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. ‘कल्चर’ म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं. ‘कल्चर निगेटिव्ह’चंही तेच. सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत किंगेला किंगी हा जंतू बऱ्याचदा कारण असतो. तो नेहमीच्या कल्चरमध्ये सहज वाढत नाही, पीसीआरनं, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीनं, सापडतो. ‘जंतू वाढले नाहीत’ लिहा, ‘जंतू नाहीत’ नको.

प्रश्नकर्ती : आणि ‘मणक्याचा टीबी’? त्याला वेगळी चौकट करू?

प्रतिसाद : जरूर करा. आपल्याकडे डॉक्टरांना ती शक्यता तपासावीच लागते. शब्दही वेगळे ठेवा, कारण उपचार वेगळे. टीबीची औषधं कित्येक महिने चालतात. साध्या जंतुसंसर्गात अँटिबायोटिक आधी शिरेतून, पोर सावरलं आणि सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) उतरला की तोंडानं, असे बहुधा चार ते सहा आठवडे. ‘प्रतिजैविक’ शुद्ध असेल, पण औषधाच्या दुकानात कुणी म्हणत नाही. ‘अँटिबायोटिकचा कोर्स’ असंच लिहा, आणि शेजारी तारखा भरायला मोकळी जागा सोडा.