सहाही प्लेटा कोऱ्या, फेज गेले कुठे?

ऐरोलीची मायक्रोवाली
एमएस्सी पार्ट टूचा प्रोजेक्ट आहे, नाल्याच्या पाण्यातून फेज (बॅक्टेरियाला मारणारे विषाणू) शोधायचे. कळव्याच्या नाल्याचं पाणी आणलं (बाटली बर्फात, डब्याच्या पिशवीत, लोकलमध्ये शेजारच्या मावशी विचारतात, कुठले मासे?). ई. कोलाय बॅक्टेरियाबरोबर रात्रभर शेकरवर ठेवलं, सेंट्रिफ्यूज केलं. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लगेच चोक झाला, म्हणून उरलेले बॅक्टेरिया मारायला क्लोरोफॉर्म घातला. मग डबल लेयर (प्लेटवरच्या घट्ट अगर-जेलीवर कल्चर आणि फेज मिसळलेला मऊ अगरचा थर). मायनस एकपासून (दहा पट पातळ) मायनस सहापर्यंत सगळ्या प्लेटा कोऱ्या. प्लाक (फेजने बॅक्टेरिया मारून पडलेले साफ ठिपके) सोडा, बॅक्टेरियाचं लॉन, म्हणजे सलग थरसुद्धा नाही! मॅडम म्हणतात फेज जास्त झाले. शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे.

नेरुळ_बायो
क्लोरोफॉर्म उरला असणार. त्यानेच होस्ट, म्हणजे तुझा ई. कोलाय मेला.

ठाणे पूर्वचे काका
क्लोरोफॉर्मने पहिली एखाद-दुसरी प्लेट गेली असती. मायनस सहाला तो दहा लाख पट पातळ झालेला, तिथे काय मारणार? फेज जास्त म्हणावेत तर शेवटच्या प्लेटांवर निदान लॉनची जाळी दिसली असती. सॉफ्ट अगर किती गरम होता ते सांग. आणि नुसत्या होस्टची कंट्रोल प्लेट कुठाय?

ऐरोलीची मायक्रोवाली
वॉटर बाथवर रांग होती काका. मायक्रोवेव्हमधून काढून मनगटाला लावून पाहिला. कंट्रोल नाही टाकली, प्लेटा मोजक्याच होत्या.

ठाणे पूर्वचे काका
मनगट काय थर्मामीटर आहे? अगर पंचेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर आणून मगच कल्चर घालायचं, नाहीतर बॅक्टेरियाच शिजतात. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत अख्खी बॅच शिजवली होती, आणि दोष मात्र फेजला दिला होता. ०.७ टक्के अगरच्या ट्यूब बाथमध्येच राहू दे, कल्चर ताजं, जोरात वाढत असलेलं (लॉग फेज, हा फेज म्हणजे टप्पा) घे, थोडं कॅल्शियम क्लोराइड घाल, त्याने बरेच फेज नीट चिकटतात. ओतलीस की प्लेट लगेच फिरव, एसीखाली अगर गुठळ्या धरतो. वाटल्यास मायनस एक, दोन गाळ, पण कंट्रोल गाळू नकोस.

१९१७ मध्ये संशोधक देरेलने फेजला नाव दिलं ते असलेच साफ ठिपके बघून. एक ठिपका म्हणजे सुरुवातीला एक विषाणू, सगळी मोजदाद त्यावर उभी. १९५२ मध्ये विषाणूतज्ज्ञ डुल्बेकोने हीच युक्ती प्राण्यांच्या पेशींवर आणली. आम्ही व्हेरो (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) पेशींवर करायचो, तेव्हा क्रिस्टल व्हायोलेट रंग लावून ठिपके दिसायला दिवसच्या दिवस जायचे. तुझं एका रात्रीत होतंय.

ऐरोलीची मायक्रोवाली
काका!! कंट्रोलवर मस्त लॉन. मायनस पाचवर ६३ प्लाक, ०.१ मिली टाकलं होतं. म्हणजे मिलीला ६ कोटी ३० लाख ना? काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही चांगले मोठे.

ठाणे पूर्वचे काका
हिशोब बरोबर. पण लहान-मोठे आहेत म्हणजे बहुधा दोन-तीन जातींची खिचडी. लांब सुटलेला एकच प्लाक निर्जंतुक टूथपिकने उचल, पुन्हा प्लेट कर. असं तीनदा. शुक्रवारपर्यंत नाही होणार, मॅडमना आजच सांग.