बोधगयेला म्हणे अर्धा दिवस पुरतो

अशोकचौक: कडकभाकरी यांनी सहलीचा बेत टाकलाय, "सोलापूर ते बोधगया. महाबोधी मंदिर सकाळी उरकून दुपारी राजगीर." उरकून? 2013 च्या स्फोटांनंतर मोबाईल आत नेता येत नाही. तो जमा करा, तपासणी, चपला. बसभर माणसं एकदम उतरली की रांगेतच सकाळ जाते. मग लोक गाभाऱ्यात डोकावतात, बोधिवृक्षाला फेरी मारतात आणि बाहेर. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध जिथे राहिले ती आवारातली ठिकाणं, उत्तरेचं चंक्रमण, अनिमेषलोचन, रत्नघर, दक्षिणेचं मुचलिंद तळं, बघायचं कधी?

कडकभाकरी: दादा, यंत्रमागावर रजा किती मिळते? सिद्धेश्वर एक्सप्रेस पहाटे कल्याणला टाकते, प्रयागराजमार्गे हावडा मेल रात्री. जाण्यायेण्यातच चार-पाच दिवस.

अशोकचौक: मग राजगीर गाळा. मंदिर पहाटे 5 ते रात्री 9 उघडं असतं. एक मुक्काम करा, पहाट-संध्याकाळ दोन्ही मिळतील.

लष्करवाला: वेळेचं राहू द्या, मंदिर कुणाच्या ताब्यात ते बोला. 1949 चा कायदा: मंदिराच्या समितीवर चार बौद्ध, चार हिंदू, वर जिल्हाधिकारी अध्यक्ष.

बाळीवेस: झालं, धागा पळवला! अध्यक्ष हिंदूच हवा ही अट 2013 च्या दुरुस्तीत गेली, तेही सांगा. कायद्याआधी तर सगळंच हिंदू मठाच्या महंतांकडे होतं.

लष्करवाला: अट गेली, चार-चार तसेच! श्रीलंकेचे बौद्ध प्रचारक अनागारिक धम्मपाल 1891 मध्ये आले, तेव्हापासून मंदिर बौद्धांकडे द्या ही मागणी आहे. पंढरपूरच्या समितीवर निम्मे बौद्ध बसवाल?

बाळीवेस: पंढरपूर कशाला ओढता? बरं, नाही बसवणार. खूश? पण अर्धा राग आपल्याच लोकांवर काढा. झाडाच्या मुळाशी दूध-मध ओततात. मुंग्या येतात, पाठोपाठ पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. बुंध्याशी दिवे लावले की धग आणि काजळी. आधीचं झाड 1876 च्या वादळात पडलं, आताचं इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमच्या वेळचं. फांद्यांना लोखंडी टेकू आहेत, दिसत नाहीत?

लष्करवाला: दुधाचं बरोबर. कायद्याचं नाही.

अशोकचौक: पानही तोडायचं नाही, गळलेलं उचलायचं. आणि बुद्धपौर्णिमेला जाणार असाल तर मोजे न्या, दुपारी फरशी पोळते.

कडकभाकरी: सोलापूरकराला ऊन शिकवताय! असो, एक मुक्काम धरतो. राजगीरचा रोपवे रद्द झाला हे बसमधल्या मंडळींना मात्र तुम्हीच सांगायचं.