शब्दचर्चा : जबाबदारी, दिलगिरी आणि जाब

प्रश्न : वाहिनीवर कुणाच्या वंशावरून किंवा रंगावरून विनोद झाला की बातमीत छापून येतं, 'वाहिनीने जबाबदारी स्वीकारून दिलगिरी व्यक्त केली'. एवढं पुरतं का? मी भाषांतरात 'अकाउंटेबिलिटी'साठी 'उत्तरदायित्व' लिहितो, पण ते फार कागदी वाटतं.

उत्तर : नाही पुरत. मी 'जाब' सुचवेन. 'जबाबदारी' आणि 'जाब' हे दोन्ही शब्द 'जवाब'वरूनच आलेत, पण जबाबदारी माणूस स्वतः घेतो आणि झटकतोही. जाब दुसऱ्याने विचारावा लागतो.

बीबीसीच्या 'टॉप गिअर' या मोटारींवरच्या कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. मार्च २०१४च्या भागात पुलावरून एक स्थानिक आशियाई माणूस चालत होता आणि सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसनने 'स्लोप' शब्दावर कोटी केली. साधा अर्थ उतार. पण आशियाई लोकांना हिणवायलाही हाच शब्द वापरतात. तक्रारी आल्यावर निर्मात्याने दिलगिरी व्यक्त केली. ही हलकीफुलकी कोटी होती, शब्द काहींना अपमानास्पद वाटतो हे तेव्हा माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं. पण कोटी त्या माणसालाही उद्देशून होती, हे त्याच निवेदनात कबूल केलेलं होतं! मग दुसरा अर्थ माहीत नव्हता हे कसं पटावं? ऑफकॉम या ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेने जुलैमध्ये नियमभंग झाल्याचा निर्णय दिला. दंड झाला नाही, पण बीबीसीला आपली बाजू मांडावी लागली आणि ती फेटाळली गेली. याला मी जाब म्हणतो. निर्मात्याचं निवेदन ही नुसती दिलगिरी.

प्रतिसाद : मग अमेरिकेतला रेडिओ निवेदक डॉन आयमस, त्याचं काय? एप्रिल २००७मध्ये त्याने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघातल्या कृष्णवर्णीय मुलींच्या केसांवरून आणि चारित्र्यावरून घाणेरडी टिप्पणी केली. जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं आणि आठवडाभरात एमएसएनबीसी ही दूरचित्रवाहिनी आणि सीबीएस रेडिओ, दोन्हीकडून कार्यक्रम गेला. हा जाबच ना?

उत्तर : माझ्या मते ती हकालपट्टी. अमेरिकेतल्या प्रसारण आयोगाचे अश्लीलतेबद्दलचे नियम वांशिक अपमानाला लागू होत नाहीत. जाहिरातदारांनी तर आपला पैसा सांभाळला. डिसेंबरात आयमस दुसऱ्या केंद्रावरून पुन्हा बोलू लागला. जाब विचारला तो त्या खेळाडूंनी. प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्यासह त्या पत्रकारांसमोर आल्या, आणि मग आयमसला समोरासमोर भेटल्या. विशीच्या आसपासच्या मुली! बातम्यांत त्यांचं वर्णन 'दुखावलेल्या खेळाडू' एवढंच झालं याची मला अजून चीड येते. त्या दुखावल्या होत्याच, पण वाक्याचा कर्ता त्या आहेत.

म्हणून भाषांतरात 'वाहिनीने उत्तरदायित्व स्वीकारले' टाळा. कुणी जाब विचारला, कुणाला विचारला आणि काय उत्तर मिळालं ते लिहा. कुणी विचारलाच नसेल, तर तसंच लिहा.