सहावा महिना चालू आहे आणि खोलीबाहेर पडावंसंच वाटत नाही

खिडकीपाशी:
मास्टर्ससाठी परदेशात आलोय. पहिलं सेमिस्टर झकास गेलं, मार्कही बरे आले. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर मात्र गाडी रुळावर येईना. दुपारी उठतो, लेक्चरची रेकॉर्डिंग 'रात्री बघू' म्हणून साठवतो. घरी फोनवर 'मजेत' सांगून मोकळा होतो. युनिव्हर्सिटीत समुपदेशक आहेत, पण तिथलं बोलणं विभागाला कळतं का? व्हिसाला काही होईल का? की हा नुसता आळसच आहे?

उलटी_घडी:
माझी पीएचडी चालू आहे, मीही यातून गेलेय. आळस म्हणून स्वतःला झोडपू नकोस. लिसगार्ड नावाच्या संशोधकाने 1955 मध्ये अमेरिकेत राहून परतलेल्या 200 नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास छापला होता. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि अठरा महिन्यांच्या वर राहिलेले बऱ्यापैकी रुळले होते, अडखळत होते ते मधले. पुढच्या अभ्यासांत हे सगळ्यांना लागू पडलं नाही (मला स्वतःला पहिला महिनाच सर्वात जड गेला), त्यामुळे कॅलेंडर बघत बसू नकोस.

झोपेपासून सुरुवात कर. झोपायची नाही, उठायची वेळ पक्की कर आणि उठल्यावर उजेडात जा. दिवस फार लहान असतील तर 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) प्रखर दिवा मिळतो, सकाळी अर्धा तास समोर ठेवून बसायचं. बायपोलर किंवा डोळ्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

समुपदेशकाकडे जाच. पहिल्याच भेटीत विचार, 'नोंदी कोण बघतं?' सहसा तुझ्या संमतीशिवाय विभागाला काही कळत नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र त्यांना गुप्तता मोडावी लागते. नुसतं बोलायला गेल्याने व्हिसाला सहसा काही होत नाही. धोका असतो तो परस्पर विषय सोडण्यात किंवा सुट्टी घेण्यात, कारण व्हिसा बऱ्याचदा पूर्णवेळ शिक्षणाशी बांधलेला असतो. ते करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार.

मधलाबाक:
एखादा क्लब जॉईन कर, सगळं सुटेल!

उलटी_घडी:
ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला क्लब? एका वर्गमित्राला सांग, 'नऊच्या लेक्चरला जाताना माझं दार वाजव.' सध्या तेवढं पुरे.

चष्मेवाला:
पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची चाचणी भरून बघ. 27 पैकी 10 किंवा जास्त आले तर नीट तपासून घे. ते निदान नव्हे, पण डॉक्टरसमोर बोलायला धागा मिळतो. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव नकोसा वाटण्याच्या, 'शून्य' सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नकोस, त्याच दिवशी कुणाला तरी गाठ. आणि घरून गोळ्या मागवू नकोस. एका देशात सहज मिळणारं औषध दुसरीकडे बेकायदा असू शकतं. एडीएचडीवरची (लक्ष न टिकण्याच्या विकारावरची) अॅडेरॉलसारखी अॅम्फेटामिनवाली औषधं जपानमध्ये चालतच नाहीत.

खिडकीपाशी:
चाचणी भरली. 14 आले, नवव्याला शून्य. समुपदेशन केंद्राला मेल लिहितोय, पण कारण काय लिहू? तिथंच अडलोय.

उलटी_घडी:
कारण नको. 'भेटीची वेळ हवी आहे' एवढंच लिही, खाली नाव आणि विद्यार्थी क्रमांक. थांबायची यादी लांब असेल तर 'कुणी रद्द केलं तर मला कळवा' हेही टाक. मला तशीच लवकर मिळाली होती.